तक्रार कुणाची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे तो मला नीट कळला की नाही ते तुम्हाला बघता येईल. मुलगी पाच वर्षांची, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त आणि त्यामुळे वाढ आणि समज सावकाश. पुढच्या वर्षी नेहमीच्या शाळेत जाणार. जीभ बराच वेळ बाहेर असते, लोक वळून वळून बघतात. तुमच्या आतेसासूबाईंच्या कानावर आले की जीभ लहान करता येते, डोळ्यांचे कोपरे आणि नाकही 'नीट' करून मिळते. एका सर्जनना विचारले, तर ते 'करता येईल' म्हणाले. मुलीचे बाबा तयार आहेत, तुमचे मन धजत नाही. तिला कुणी चिडवू नये म्हणून एवढे केले तर चुकले कुठे, आणि नाही केले तर मोठेपणी ती आपल्याला बोल लावेल का, असे तुम्ही विचारता.

मी प्लास्टिक सर्जन आहे. चोवीस वर्षे दुभंगलेले ओठ आणि टाळू, भाजलेले चेहरे, कान न घडलेली मुले हेच माझे काम. म्हणजे देवाने दिलेल्या चेहऱ्याला हात लावू नये असे म्हणणाऱ्यांतली मी नाही, त्यावरच माझे घर चालते. पुढे मी जे 'नको' म्हणणार आहे ते या तीन ऑपरेशनांपुरते आहे. मी तुमच्या मुलीला तपासलेले नाही, हेही ध्यानात ठेवून वाचा.

आमच्या केस पेपरवर पहिला रकाना असतो 'तक्रार'. मूल लहान असेल तर तो आईबापच भरतात, त्यात वावगे काही नाही. पण तुमच्या पत्रावरून तो रकाना भरायला घेतला तर मी लिहू काय? तिला धाप लागते असे तुम्ही म्हटलेले नाही. खाताना ठसका लागतो असेही नाही. तिला चिडवतात असेसुद्धा नाही, पुढे चिडवतील ही भीती आहे. तक्रार आहे ती बघणाऱ्यांची, आणि टाके पडणार तिला.

हे वाक्य टाळ्या मिळवणारे आहे, म्हणून माझा मलाच त्याचा संशय येतो. कारण दुभंगलेला ओठ मी साधारण तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा शिवते, तेव्हा बाळाची तक्रार कुठे असते? नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळे दूध व्यवस्थित पितात, खरी अडचण टाळूची असते. ओठ शिवण्यामागे निम्मे कारण दिसण्याचेच असते आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. तेव्हा 'उपयोगासाठी केले तर बरोबर, दिसण्यासाठी केले तर चूक' अशी सरळ रेघ मारता येत नाही. माणसांत वावरणे हीसुद्धा मुलाची गरजच आहे. मग ओठात आणि तुमच्या मुलीच्या डोळ्यांत फरक काय? मी तीन गोष्टी बघते. जे हवे आहे ते या ऑपरेशनने खरोखर मिळते का, मुलाला त्याची किंमत किती मोजावी लागते, आणि ते मूल स्वतः काही सांगू शकेल इतके थांबता येते का. ओठाच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी चांगली असतात की तिसऱ्यावर अडून बसण्यात अर्थ नसतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र पहिल्याच प्रश्नावर गाडी अडते.

जिभेपासून सुरुवात करू, कारण मुख्य मुद्दा तिथेच आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांची जीभ मोठी नसते. वरचा जबडा लहान आणि टाळू अरुंद असतो, म्हणजे खोली लहान आणि पाहुणा नेहमीच्याच अंगाचा. त्यात स्नायू सैल, ओठ मिटून धरायची ताकद कमी. शिवाय नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असतील तर नाकाने श्वास पुरत नाही, मूल तोंड उघडे ठेवते आणि जीभ पुढे घेते. ती मागे राहिली तर घशाशी वाट अडते. म्हणजे लोक ज्या जिभेकडे बघतात ती कित्येकदा श्वासाची वाट मोकळी ठेवायचे काम करत असते. जीभ लहान करण्याच्या ऑपरेशनात पुढच्या भागातला पाचरीसारखा तुकडा काढून कडा शिवतात. त्याने जबडा वाढत नाही, ग्रंथी आकसत नाहीत, स्नायूंना जोर येत नाही. उलट जीभ ऑपरेशननंतर भरपूर सुजते, आणि या मुलांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. पहिले काही दिवस जिवाला घोर असतो.

बोलणे सुधारेल या आशेने पुष्कळ पालक तयार होतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनआधी आणि नंतर मुलांच्या उच्चारांतल्या चुका मोजल्या, ऑपरेशन न झालेल्या मुलांशी त्या ताडून पाहिल्या. फरक निघाला नाही. यात नवल नाही. उच्चार चुकतो तो जीभ कशी हलते यामुळे, आणि कापून जीभ चपळ होत नाही.

डोळ्यांचे आणि नाकाचे थोडक्यात सांगते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची ती त्वचेची घडी काढता येते, पण तिथली त्वचा जाड व्रण धरते आणि तो व्रण नेमका समोरून दिसतो. नाकाचा बसका भाग उचलायला आत सिलिकॉन किंवा कूर्चा (कानात असते तसे लवचीक हाड) घालावी लागते. पाच वर्षांच्या चेहऱ्याची वाढ अजून कितीतरी बाकी असते आणि सिलिकॉन काही मुलीबरोबर वाढत नाही. ते सरकते, कधी त्यात जंतुसंसर्ग होतो, कधी वरची कातडी पातळ होऊन ते बाहेर डोकावते. म्हणजे 'एकदाच करून टाकू' हे होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची तयारी ठेवावी लागते.

प्रत्येक खेपेला भूल द्यावी लागते. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. काहींच्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे भुलीसाठी घशातून श्वासाची नळी घालताना मान फार जपून हलवावी लागते. श्वासनलिका अरुंद असल्याने नळीसुद्धा वयाच्या मानाने लहान लागते. गरजेच्या ऑपरेशनसाठी आमचे भूलतज्ज्ञ हे सगळे नेहमी सांभाळतात. बिनगरजेच्या ऑपरेशनसाठी ते सांभाळायला लावणे मला पटत नाही.

ही कल्पना नवी नाही आणि ती फक्त आतेसासूबाईंच्या डोक्यातून आलेली नाही. १९७०च्या दशकात जर्मनीत आणि नंतर इस्राएलमध्ये अशा शस्त्रक्रिया बऱ्याच झाल्या. लेम्पर्ले आणि राडू या जर्मनीतल्या सर्जनांनी १९८० साली त्यावर निबंधही लिहिला. जेरुसलेमचे मानसशास्त्रज्ञ रूवेन फॉयरस्टाइन यांनी या विचाराला मोठे बळ दिले, आणि त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चेहरा पाहताच लोक ठरवतात की याला काही जमणार नाही. मग त्याला कुणी शिकवत नाही, न शिकवल्यामुळे खरोखरच जमत नाही, आणि लोकांचे म्हणणे खरे ठरते. ही साखळी चेहऱ्याशीच तोडावी, असे ते म्हणत. साखळीचे हे वर्णन मला आजही अचूक वाटते. पण ती या ऑपरेशनांनी तुटली का? १९८६ साली अशा २४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालक समाधानी होते, मूल चांगले दिसू लागले असे सांगत होते. ज्यांचा मुलाशी काहीच संबंध नव्हता अशा लोकांना मात्र आधीच्या आणि नंतरच्या रूपात तशी सुधारणा दिसली नाही. आता बघा, ऑपरेशन करायचे होते ते याच परक्या लोकांसाठी. घरच्यांना ते मूल आधीही गोडच दिसत होते.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी एका सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या त्या घड्या काढल्या. आईवडील समंजस होते, सगळे समजून-उमजून आले होते, आणि मला तेव्हा 'करता येते' आणि 'करावे' यांतले अंतर फारसे दिसत नसे. काम तांत्रिकदृष्ट्या बरे झाले. एका बाजूचा व्रण जरा उठला, तोही पुढे बसला. बसली नाही ती त्या मुलाची धास्ती. त्याला का दुखवले हे त्याला कुणीच समजावून सांगू शकले नव्हते. समजावायचे तरी काय? पुढचे वर्षभर त्याने कुणालाही डोळ्यांजवळ हात नेऊ दिला नाही. चष्म्याचा नंबर काढता येईना, आणि त्याला चष्म्याची खरोखर गरज होती. ऐन अक्षरओळखीचे वर्ष गेले. आई म्हणायची, फोटो छान येतात. मी मान डोलवायची. त्यानंतर असे ऑपरेशन मी केलेले नाही.

आणखी एक मुद्दा सहसा कुणी बोलत नाही. तुमच्या मुलीचा चेहरा बघणाऱ्याला काहीतरी सांगतो. समजा, सात वर्षांची मुलगी रस्त्यात फतकल मारून बसली आणि उठेना, किंवा अनोळखी माणसाला जाऊन बिलगली. चेहरा ओळखू येत असेल तर बरेच लोक समजून घेतात, बाजूने जातात, एखादा मदतीलाही येतो. तो ओळखू आला नाही तर हेच लोक म्हणतात, काय लाडावून ठेवली आहे. स्वमग्न मुलांच्या आयांना विचारा, त्या याच दुखण्याने बेजार असतात, कारण त्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेले नसते. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळाने न दिसणारे अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी सूर्यफुलांचे चित्र असलेला गळपट्टा सुरू केला, आणि आज अनेक देशांत लोक तो आपणहून गळ्यात घालतात. ज्यांच्याकडे खूण नाही ते खूण मागून घेत आहेत. चेहरा बदलून तुमच्या मुलीची समज आणि वागण्याचा वेग बदलणार नाही, लोकांची अपेक्षा तेवढी वाढेल. त्या अपेक्षेला ती दिवसातून चार वेळा कमी पडेल.

थॅलिडोमाइडची मुले आठवतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि १९६०च्या सुरुवातीला गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या त्या औषधामुळे हजारो मुले आखूड किंवा न वाढलेल्या हातांनी जन्मली. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत त्यांना वायूच्या दाबावर चालणारे कृत्रिम हात बसवले. हेतू चांगला होता, हात नसलेले मूल बघवत नव्हते. पण ते हात जड होते, आणि कित्येक मुले आपल्या आखूड हातांनी नाहीतर पायांच्या बोटांनी तीच कामे जास्त सफाईने करत. बऱ्याच जणांनी संधी मिळताच ते हात काढून ठेवले. मोठ्यांना ज्याची उणीव भासत होती, ती त्या मुलांना तितकीशी भासत नव्हती.

आता मी 'हो' कधी म्हणते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे सगळे एकतर्फी होईल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला एक नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचे कान चांगलेच पुढे आलेले होते. आईबापांना चालण्याची काळजी, कानांचे त्यांना काहीच नव्हते. कानांचे त्यानेच काढले, तेही आईला बाहेर पाठवून. मी त्याला दोनदा परत बोलावले, दुखेल हे सांगितले, पट्टी किती दिवस राहील ते सांगितले. तरी तो ठाम होता. केले. पुढच्या तपासणीला त्याला विचारले, काय रे, आता कसे आहे? म्हणाला, "आता फक्त चालण्यावरून चिडवतात." आणि स्वतःच खो खो हसला. दुसरी एक चौदा वर्षांची मुलगी, डाउन सिंड्रोम असलेली. घरच्यांनी तिला नाकासाठी आणले होते. मी तिलाच विचारले, तुला काय बदलायचे आहे? तिला दादासारख्या दातांना तारा हव्या होत्या. दात खरोखरच वेडेवाकडे होते. मी तिला दंतवैद्यांकडे पाठवले. नाकाचा विषय पुढे कुणी काढला नाही.

लाळ फार गळत असेल तर तिथेही मी कधी दिसण्याची गोष्ट म्हणून टाळाटाळ करत नाही. हनुवटीची कातडी सोलवटते, कपडे ओले राहतात, आणि शेजारी बसायला मुले नाखूश असतात. ही शेवटची तक्रारसुद्धा मुलाचीच आहे, कारण एकटे पडते ते मूल. आधी व्यायाम, मग औषधे, लाळग्रंथीत इंजेक्शन, आणि अगदीच नाही भागले तर शस्त्रक्रिया, या क्रमाने जावे.

मग तुम्ही काय करावे? मी तुमच्या जागी असते तर सुरुवात झोपेपासून केली असती. ती रात्री घोरते का, मान मागे टाकून किंवा बसल्या बसल्या झोपते का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, ते चार रात्री बघा आणि मोबाइलवर टिपून ठेवा. डाउन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडणे इतके आढळते की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना लक्षणे असोत-नसोत, चौथ्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी करावी असे सांगते. तुमच्या मुलीची झाली नसेल तर ती आधी करा. अॅडेनॉइड आणि टॉन्सिल अडवत असतील तर ते काढण्याचे ऑपरेशन मी स्वतः सुचवेन, भुलीचे सगळे धोके धरून. ते तिच्या श्वासासाठी आणि मेंदूला नीट झोप मिळावी यासाठी असेल. त्यानंतर काही मुलांचे तोंड मिटू लागते आणि जीभ आत राहू लागते. जे आतेसासूबाईंना हवे होते ते असे आडवाटेने मिळाले, तर माझी हरकत नाही.

सोबत वाचा-उपचारतज्ज्ञांकडून ओठ-जिभेचे व्यायाम सुरू करा. फुंकणे, नळीने पिणे, ओठ मिटून चावणे असे ते साधेच असतात, पण महिनोन्महिने करावे लागतात. वय वाढते तसा जबडाही वाढतो आणि ताबाही येतो. पाचव्या वर्षी दिसणारी जीभ दहाव्या वर्षी तितकी दिसत नाही, हे मी पुष्कळ मुलांत पाहिले आहे. तिचे ऐकू येणेही तपासून घ्या. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो आणि ऐकणे कमी-जास्त होत राहते. हाक मारल्यावर उशिरा बघणारे मूल लोकांना 'वेगळे' वाटते, ते चेहऱ्यामुळे वाटत नाही.

कपडे-केस यांना क्षुल्लक समजू नका. पाच वर्षांच्या मुलीला तीन वर्षांच्या बाहुलीसारखे सजवले की लोक तिच्याशी तीन वर्षांच्या मुलीशी बोलावे तसेच बोलतात. तिच्या वयाच्या इतर मुली जे घालतात ते घाला, कपाळावरचे केस मागे घ्या, आणि बिलगण्याऐवजी टाळी द्यायला शिकवा. हे सगळे दिसणेच आहे, फक्त यात रक्त येत नाही आणि चुकले तर उद्या बदलता येते.

चिडवण्याबद्दल खोटा दिलासा देत नाही. चिडवतील. ऑपरेशन झालेल्या मुलांनाही चिडवतात. शाळा सुरू होण्याआधी बाईंना भेटा आणि वर्गातल्या मुलांना काय सांगायचे ते एका वाक्यात ठरवून द्या: "तिच्या तोंडातले स्नायू अजून तयार होताहेत, म्हणून जीभ बाहेर येते." मुलांना उत्तर हवे असते. ते मिळाले की चार दिवसांत विषय संपतो. कुजबुज राहते ती मोठ्यांनी 'श्शू' केल्यावर.

राहिला बोल लावण्याचा प्रश्न. मोठेपणी ती म्हणाली की मला हे बदलायचे आहे, तर तेव्हाही बदलता येईल. वाढ पूर्ण झालेल्या चेहऱ्यावर नाकाचे काम उलट चांगले होते. तुम्ही आज थांबलात तर तिचा रस्ता बंद होत नाही, आज कापले तर मात्र तो निर्णय तिचा राहत नाही. मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचे मत विचारात घ्यावे हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात आहे, आणि अपंग व्यक्तीच्या शरीर-मनाच्या अखंडतेचा आदर राखावा हे त्यांच्याच अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६च्या कराराच्या सतराव्या कलमात. मी ही कलमे दवाखान्यात कुणाला वाचून दाखवत नाही, पण मुलीच्या बाबांना कागदावरचे पटत असेल तर ती उपयोगी पडतील. डाउन सिंड्रोम असलेली बरीच मोठी मुले-मुली आपल्याला काय हवे ते स्वच्छ सांगतात, त्या तारा मागणाऱ्या मुलीसारखी.

माझे मत कशाने बदलेल, तेही लिहून ठेवते. झोपेच्या तपासणीत श्वास अडतो आहे असे निघाले, ग्रंथी काढूनही अडतच राहिला, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी अडथळा जिभेच्या मागच्या भागाचा आहे असे तपासून सांगितले, तर जिभेच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. ते ऑपरेशन वेगळे आणि त्याचे कारणही वेगळे. आतेसासूबाईंवर रागावू नका. त्यांनाही तिचीच काळजी आहे, फक्त त्यांच्या हाती लागलेला उपाय चुकीचा आहे. झोपेच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, म्हणजे आपण काही करत नाही असे त्यांना वाटणार नाही.

आणि तिचा चष्मा. तो नाकावरून घसरतो आणि ती मान खाली घालून वरून बघते, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. तिच्या नाकाचा वरचा भाग बसका आहे, नेहमीची फ्रेम तिथे टिकणारच नाही. बसक्या नाकासाठी आधार खाली घेतलेल्या फ्रेम मिळतात, मागून पट्टाही लावता येतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना जवळचे धूसर दिसते, त्यामुळे बायफोकल लागेल का तेही नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्या. झोपेच्या तपासणीची तारीख मिळायला वेळ लागेल, हे मात्र या आठवड्यात होण्यासारखे आहे.